ग्रीनचा वेग, हवामान आणि बॉलची निवड: प्रकल्प नोंदी

८ मार्च

प्रश्न एका ओळीत मांडतो: गोल्फमध्ये ग्रीनचा (बॉल ज्यात घालायचा त्या होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताचा) वेग आणि हवामान बघून बॉल बदलावा का, आणि बदलायचा तर नेमका कुठल्या फटक्यासाठी?

सल्ला सगळीकडे एकच मिळतो. फास्ट ग्रीनवर मऊ बॉल, स्लो ग्रीनवर टणक. थंडीत मऊ, उन्हात टणक. म्हणायला सुटसुटीत आहे. पण मऊ म्हणजे गाभा मऊ की कवच मऊ, हे सल्ला देणारा सहसा सांगत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

चाचणीसाठी तीन जातींचे बॉल घेतले आहेत. छाप इथे लिहिणार नाही. मॉडेलं बदलत राहतात आणि मला घडण तपासायची आहे, कंपनी नाही.

दुपदरी: मोठा, मऊ रबरी गाभा आणि वर आयोनोमर या कडक प्लास्टिकचं कवच. कम्प्रेशन, म्हणजे बॉलचा दबायला होणारा विरोध, कमी.
तिपदरी: गाभा, मधला कडक थर, वर युरेथेन या मऊ प्लास्टिकचं पातळ कवच. कम्प्रेशन मध्यम.
चौपदरी: कवच युरेथेनचंच, पण आतले थर जास्त आणि एकूण बॉल टणक.

गंमत बघा, पाकिटावर ‘सॉफ्ट’ लिहिलेलं असतं ते दुपदरीवर, कारण गाभा मऊ. त्याचं कवच मात्र या तिघांत सगळ्यात कडक आणि निसरडं. टणक म्हणून विकला जाणारा चौपदरी वेजच्या (ग्रीनजवळ बॉल उंच उडवायच्या काठीच्या, म्हणजे क्लबच्या) खाचांना मात्र मऊ कवच देतो. त्यामुळे पुढच्या नोंदींत मऊ आणि टणक हे शब्द सुटे वापरायचे नाहीत, असं ठरवलं आहे.

१० मार्च

वजन आणि माप. नियमांप्रमाणे बॉल ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नसावा आणि ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान नसावा. लांब जायला बॉल जड आणि लहान हवा, म्हणून सगळेच उत्पादक या दोन रेषांना खेटून असतात. माझ्या तराजूवर तिन्ही जातींत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. म्हणजे जो काही फरक पडायचा तो गाभा, कवच आणि कवचावरचे खळगे यांतूनच पडणार.

जाता जाता मिठाच्या पाण्याची चाचणीही उरकून घेतली. या मापाच्या बॉलची घनता हिशेबाने पाण्याच्या साधारण १.१३ पट येते, त्यामुळे साध्या पाण्यात तो बुडतो. मीठ घालत गेलं की एका टप्प्यावर तरंगायला लागतो. वर आलेल्या जागी ठिपका द्यायचा आणि बोटाने फिरवून सोडायचं. दर वेळी तोच ठिपका झटकन वर आला तर बॉलचा तोल मधोमध नाही. हळू चालणाऱ्या पटवर (ग्रीनवर होलकडे घरंगळवत मारलेल्या फटक्यावर) असा बॉल वाकडा जाऊ शकतो. दुपदरीतला एक संशयास्पद निघाला, तो बाजूला काढला. बाकीचे वाटेल तसे थांबत होते, म्हणजे ठीक.

१६ मार्च

ग्रीनचा वेग मोजायला उतरण बनवली.

मूळ कल्पना एडवर्ड स्टिम्पसन यांची. १९३५ ची यूएस ओपन स्पर्धा ओकमाँटच्या कोर्सवर झाली. तिथे जीन सॅराझेन या खेळाडूचा पट ग्रीनवरून घसरून बाहेर गेलेला त्यांनी पाहिला आणि ग्रीन खरंच अवाजवी फास्ट आहेत का हे मोजायचं ठरवलं. त्यांचं साधन लाकडी होतं. १९७६ मध्ये यूएसजीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या गोल्फ संघटनेच्या, फ्रँक थॉमस यांनी त्याला अॅल्युमिनियमचं रूप दिलं आणि १९७८ पासून ते गोल्फ कोर्सवर वापरायला मिळू लागलं.

रचना सोपी आहे. ३६ इंच लांबीची, मधे व्ही आकाराची पन्हळ असलेली पट्टी. खालच्या टोकापासून ३० इंचांवर एक खाच. बॉल खाचेत ठेवायचा आणि पट्टी सावकाश उचलायची. साधारण २० अंशांवर बॉल आपोआप सुटतो. हात वेगळा असला तरी सुटण्याचा कोन तोच राहतो. सगळी करामत त्या खाचेत आहे. बॉल ग्रीनवर उतरतो तेव्हा वेग सेकंदाला सुमारे ६ फूट असतो. तिथून तो जितके फूट जाईल तितका ग्रीनचा वेग.

मी अॅल्युमिनियमचा कोन वापरला. खाच कानशीने घासली. दोन्ही कडा गुळगुळीत करण्यातच सगळा वेळ गेला, कारण एका कडेला बारीक बोंड राहिलं तरी बॉल सुटताना तिरपा होतो.

२० मार्च

मोजणी सरावाच्या ग्रीनवरच आणि ग्रीनकीपरना विचारून. फेरी चालू असताना ग्रीनचा अंदाज घ्यायला मुद्दाम बॉल घरंगळवणं गोल्फच्या नियम १३.१ई मध्ये बसत नाही. दोन होलच्या (खेळाच्या दोन भागांच्या) मधे, नुकत्याच संपवलेल्या किंवा सरावाच्या ग्रीनवर सूट आहे. पण तेवढ्यासाठी फेरीत पट्टी काढून बसलो तर मागचे लोक जीव घेतील.

पद्धत: एका दिशेने तीन बॉल सोडायचे, तिन्ही ८ इंचांच्या आत थांबले पाहिजेत, मग जिथे थांबले तिथून उलट दिशेने तीन. दोन्ही सरासऱ्यांची सरासरी. सपाट जागा शोधणं हेच मोठं काम. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या जागेवर जाता-येता दोन फुटांचा फरक पडला.

उतार टाळता येत नसेल तर साधी सरासरी फसवते. समजा उताराच्या बाजूला १२ फूट आणि चढाला ७ फूट आले. सरासरी साडेनऊ. पण दोन्हींचा गुणाकार दुप्पट करून बेरजेने भागला की ८.८ येतात, आणि तोच आकडा खरा धरायचा. कारण उतार बॉलच्या मंदावण्यात मिळवला किंवा वजा केला जातो, अंतरात नाही.

आज सकाळी दवात ग्रीन स्लो होतं. ग्रीनकीपरनी कापून रोलर फिरवल्यावर दीडएक फुटाने वाढलं, आणि दुपार कलताना गवत वाढल्यावर पुन्हा थोडं उतरलं. एकाच ग्रीनचा एकाच दिवसातला हा चढउतार. फलकावर सकाळी लिहिलेला आकडा दुपारी खेळणाऱ्याच्या कामाचा नाही.

२७ मार्च

आज प्रकल्पाचा पहिला खरा निकाल. तिन्ही जातींचे बॉल एकाच उतरणीवरून, एकाच रेषेत, आलटून पालटून सोडले.

फरक नाही. म्हणजे जो आहे तो एकाच जातीच्या दोन बॉलमधल्या फरकाएवढाच. एका वजनाचे, एका व्यासाचे गोळे एकाच वेगाने सुटले तर त्यांना थांबवणारं गवत आहे. गाभा मऊ आहे की टणक हे गवताला समजायचं कारण नाही. इतक्या कमी वेगात बॉल दबतच नाही.

तेव्हा ‘हा बॉल ग्रीनवर कमी पळतो’ हे वाक्य चुकीचं. पळणं ग्रीनचं असतं. बॉलचा संबंध आला तर तो पटर (पट मारायचा क्लब) लागण्याच्या क्षणापुरता, किंवा बॉल हवेतून येऊन ग्रीनवर आपटतो तेव्हा.

३ एप्रिल

पटर लागण्याचा क्षण तपासायला पटर एका आडव्या दांडीला टांगला, म्हणजे झोका दर वेळी तेवढाच. खुणेपर्यंत मागे ओढायचा, सोडायचा.

चौपदरी किंचित पुढे जातो, दुपदरी किंचित मागे राहतो. पण हा फरक ग्रीनच्या बारीकसारीक उंचवट्यांत हरवून जाईल एवढाच आहे. मग हातात पटर घेतला आणि चित्र बदललं. आता दुपदरीचे पट स्पष्टपणे आखूड राहत होते. झोक्याला ऐकू येत नाही, मला येतं. चौपदरीचा आवाज ‘टक्’ असा, दुपदरीचा ‘थप्प’ असा दबका, आणि दबका आवाज ऐकला की हात समजतो की बॉल पुरेसा लागला. पुढचा पट आपसूक बेताने मारला जातो... किंवा उलट, जोर लावून. कानात कापूस घातल्यावर माझा फरक निम्म्याहून कमी झाला.

आता हिशेब. पट किती वेगाने सुटावा हे ग्रीनच्या आकड्याच्या वर्गमुळावर ठरतं. ८ फूट वेगाच्या ग्रीनवर ६ मीटरचा सपाट पट होलपर्यंत न्यायला सुरुवातीची घसरण सोडून दिली तर सेकंदाला सुमारे २.९ मीटर वेग लागतो. ११ फुटांच्या ग्रीनवर सुमारे २.४५. म्हणजे १५ टक्के कमी. बॉल बदलून झोक्यात मिळालेला फरक याच्या पासंगालाही पुरत नाही. फास्ट ग्रीनचा पट हाताने आवरायचा असतो. बॉल बदलून तो आवरत नाही.

उलट बॉल बदलला तर आवाज बदलतो आणि हाताचा अंदाज पुन्हा पहिल्यापासून बसवावा लागतो. फास्ट ग्रीनच्या दिवशीच नवा बॉल काढणं म्हणजे ज्या दिवशी अंदाज सगळ्यात जास्त हवा त्याच दिवशी तो फेकून देणं.

४ एप्रिल

अण्णांना कालचं सांगितलं. माझ्याबरोबर खेळणाऱ्यांत ते सगळ्यात जुने आणि फास्ट ग्रीनवर दुपदरीच वापरणारे. म्हणाले, “अरे, तुझा झोका पट करत असेल, मी करतो हाताने. मला हाच बॉल मऊ लागतो.”

“अण्णा, मग तुम्ही तोच वापरा,” म्हटलं. “फक्त स्लो ग्रीनवरही तोच वापरा.”

यावर ते हसले, पण उत्तर दिलं नाही.

२१ एप्रिल

ग्रीनच्या वेगाचा आणि बॉलचा खरा संबंध आज सापडला, आणि तो पटिंगमध्ये नव्हताच.

फास्ट आणि कडक या दोन गोष्टी लोक एक समजतात. ग्रीन फास्ट असूनही खाली ओलसर, मऊ असू शकतं: गवत बारीक कापलेलं, पण बॉल पडला की खड्डा होतो. आणि उंच गवताचं, स्लो ग्रीन खाली दगडासारखं असू शकतं. कडकपणा पहिल्या टप्प्याला कळतो, वेग त्यानंतरच्या घरंगळण्याला. पडल्याच्या खुणा बघितल्या की लगेच समजतं. खोल वाटी पडत असेल तर ग्रीन बॉल धरणार; नुसता ओरखडा असेल तर धरणार नाही.

आता चिपचा, म्हणजे ग्रीनच्या कडेवरून मारलेल्या छोट्या फटक्याचा, हिशेब. समजा पहिल्या टप्प्यानंतर बॉल सेकंदाला २ मीटरने घरंगळायला लागला. ८ फुटांच्या ग्रीनवर तो २.९ मीटर जाईल, ११ फुटांच्या ग्रीनवर ४ मीटर. आता कवचाने जास्त स्पिन (गिरकी) घेतला आणि टप्प्यावरच वेग दीड मीटरवर आणला असं धरू. अंतर अनुक्रमे १.६ आणि २.२५ मीटर. म्हणजे त्याच स्पिनने स्लो ग्रीनवर सव्वा मीटर वाचला आणि फास्ट ग्रीनवर पावणेदोन. ग्रीन जितकं फास्ट, तितकी युरेथेनच्या कवचाची किंमत जास्त.

मैदानावरही तसंच दिसलं. ग्रीनच्या कडेवरून सँड वेजने छोट्या चिप मारल्या. तिपदरी आणि चौपदरी दुसऱ्या टप्प्याला अडखळल्यासारखे होऊन पुढे संथ जातात. दुपदरी पहिल्या टप्प्यापासून सरळ धावत सुटतो. कारण कवचात आहे. युरेथेन मऊ असतं आणि त्याच्याखाली कडक थर असतो. वेजच्या खाचा आणि तो थर यांच्यामध्ये कवच चिमटीत सापडतं, पकड मिळते, बॉल फिरतो. आयोनोमर खाचांवरून घसरतं. ड्रायव्हरच्या (सगळ्यात लांब मारायच्या क्लबच्या) फटक्यात बॉल इतका दबतो की गाभ्याचं राज्य चालतं, म्हणून तिथे कवचाचा फरक कमी जाणवतो.

लांबून येणाऱ्या फटक्यांत उतरण्याचा कोनही मदतीला येतो. ट्रॅकमॅन या बॉल मोजणाऱ्या रडारच्या, पीजीए टूरवरच्या व्यावसायिकांच्या सरासरीत ७ नंबरच्या आयर्नचा (मधल्या अंतराच्या क्लबचा) स्पिन मिनिटाला सुमारे ७,००० फेरे आणि उतरण्याचा कोन सुमारे ५० अंश आहे. इतक्या उभ्या कोनात येणारा बॉल स्पिन थोडा कमी असला तरी थांबतो. माझा कोन एवढा उभा नाही, बहुतेक हौशी खेळाडूंचा नसतो, त्यामुळे आम्हाला थांबण्यासाठी स्पिनवर जास्त अवलंबून राहावं लागतं.

म्हणून जुना सल्ला दुरुस्त करून लिहितो: ग्रीन कडक आणि फास्ट असेल तर कवच युरेथेनचं हवं. गाभ्याचं कम्प्रेशन तुमच्या कानाला जे आवडेल ते.

११ मे

ऊन. कडक ग्रीन, कडक फेअरवे (ग्रीनपर्यंतची कापलेल्या गवताची वाट).

हवेची घनता ५ अंशांना घनमीटरला सुमारे १.२७ किलो, ४० अंशांना १.१३. म्हणजे ११ टक्के कमी. अवरोधही तेवढाच कमी, आणि वर उचलणारा जोरही. बॉल लांब जातो, थोडा सपाट जातो, आणि ग्रीनवर कमी कोनात उतरतो. त्यात ग्रीन वाळलेलं. सगळं एकाच दिशेला ओढतं: बॉल थांबत नाही.

आजचा दिवस चौपदरीचा. माझ्याकडचा चौपदरी तिपदरीपेक्षा उंच जातो आणि आयर्नवर जास्त फिरतो. सगळ्याच टणक बॉलचं असं असतं असं मात्र नाही. उंची खळग्यांवर आणि थरांवर ठरते, दाबून बघून कळत नाही.

दमट हवेबद्दल एक नोंद करून ठेवतो, कारण या वादात दर वेळी कुणीतरी ‘आज हवा जड आहे’ म्हणतं. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलका. ३० अंशांवर पूर्ण दमट आणि पूर्ण कोरड्या हवेत फरक जेमतेम दीड टक्का पडतो, तोही बॉलच्या फायद्याचा. जड होते ती हवा नाही, ओला हातमोजा आणि थकलेले पाय.

२ जुलै

पाऊस. प्रकल्पाला हवी होती ती ओल मिळाली.

४०-५० मीटरचे पिच (उंच उडवलेले फटके), आधी पुसलेल्या वेजने, मग मुद्दाम ओल्या वेजने. ओल्या वेजवर तिन्ही बॉलचा स्पिन घटला. बॉल वेजच्या चेहऱ्यावरून वर सरकतो, उंच निघतो, पडल्यावर थबकत नाही. युरेथेनवाल्यांनी थोडी तरी पकड राखली. दुपदरी तर साबणासारखा सुटला. म्हणजे ओल्या दिवशी कवचाचा फरक पुसला जात नाही, वाढतो.

आता इथे एक आडवळण आहे. पाऊस बॉलचा स्पिन काढून घेतो, पण ग्रीनलाही मऊ आणि स्लो करतो. ज्या थांबण्यासाठी स्पिन हवा होता ते थांबवण्याचं काम आज माती करते. पूर्ण वेज मारला तर बॉल स्वतःच्या खड्ड्यात बसतो. त्यामुळे सततच्या पावसात, पाणी धरलेल्या ग्रीनवर, दुपदरीने खेळलो तरी फारसं बिघडत नाही. बिघडतं ते सरीनंतर ऊन पडलं की: वरून ओलं गवत, खालून अजून कडक ग्रीन. वेज ओला राहतो आणि ग्रीन धरत नाही. अशा दिवशी युरेथेनशिवाय गत्यंतर नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र टॉवेल. पुसलेल्या वेजवरचा दुपदरी आणि ओल्या वेजवरचा तिपदरी यांतला कोण जास्त थबकतो, हे मी डोळ्यांनी ठरवू शकलो नाही. बॉल निवडण्यात जेवढा वेळ जातो त्याचा थोडा भाग खाचांतली माती काढण्यात घालवला तर बरं.

३ जुलै

झाकोळलेल्या उजेडात पिवळा बॉल लवकर सापडतो. एवढंच.

१४ ऑगस्ट

दिवसभर वारा.

टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, बॉल सेकंदाला ६० मीटरने निघाला आणि समोरून ८ मीटरचा वारा असला तर बॉलला हवा ६८ ची लागते. अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे निघतानाच २८ टक्के जास्त. मागून तोच वारा असेल तर २५ टक्के कमी. आकडे जवळजवळ सारखे दिसतात, पण समोरचा वारा जेवढं अंतर खातो तेवढं मागचा परत देत नाही. समोरच्या वाऱ्यात उचलणारा जोरही वाढतो, बॉल चढत जातो आणि वरून उभा खाली पडतो. मागच्या वाऱ्यात तो जोर घटतो आणि बॉल लवकर खाली येतो.

चढवणारा तो जोर स्पिनचा. म्हणून मे महिन्यात डोक्यावर घेतलेला चौपदरी आज अंगावर आला. समोरच्या वाऱ्यात त्याची लांब आयर्न फुग्यासारखी वर गेली. तिपदरी खालून गेला. दुपदरीचा स्पिन आणखी कमी, तो सगळ्यात सरळ राहिला. पण ग्रीनजवळ त्याची जी अडचण आहे ती आहेच, आणि वाऱ्याने ग्रीन वाळवून ठेवलेलं.

पूर्वी या प्रश्नाला वेगळं उत्तर होतं. आर अँड ए या ब्रिटनमधल्या नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांत १.६२ इंचांचा, म्हणजे ४१.१५ मिलिमीटरचा लहान बॉल चालायचा आणि वाऱ्यात खेळणाऱ्यांचा तो लाडका होता. समोरून दिसणारं क्षेत्रफळ आजच्या बॉलपेक्षा ७ टक्के कमी, म्हणजे वाऱ्याला पकडायला कमी जागा. १९७४ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेपासून तिथे मोठा बॉल सक्तीचा झाला आणि १९९० मध्ये लहान बॉल नियमांतूनच गेला. आता वाऱ्यासाठी बॉल लहान करता येत नाही, फक्त कमी फिरणारा निवडता येतो. किंवा एक क्लब जास्त घेऊन सावकाश मारता येतो. हळू फटक्याने स्पिन आपोआप कमी होतो, आणि माझ्या मते बॉल बदलण्यापेक्षा तो मार्ग खात्रीचा आहे.

१८ ऑगस्ट

फेरीत बॉल बदलण्याबद्दल नियम पाहून ठेवले. एक होल सुरू केलं की ते त्याच बॉलने संपवायचं. नियमाने मुभा दिली असेल तेव्हाच मधे बदलता येतो. दोन होलच्या मधे हवा तो बॉल घ्यायला हरकत नाही. म्हणजे वाऱ्याविरुद्धच्या होलला तिपदरी आणि वाऱ्याबरोबरच्या होलला चौपदरी हे नियमात बसतं. मात्र स्पर्धेच्या समितीने एकाच बॉलचा स्थानिक नियम लावला असेल तर सगळी फेरी एकाच छापाच्या, एकाच मॉडेलच्या बॉलने. तो मुख्यतः वरच्या दर्जाच्या स्पर्धांत लावतात.

नियम मुभा देतो म्हणून घ्यावीच असं नाही. एप्रिलमधली आवाजाची नोंद पुन्हा वाचली. दर होलला बॉल बदलला तर पटिंगचा अंदाज दर होलला बदलणार.

६ डिसेंबर

थंड सकाळ, दव. उतरणीवर ग्रीन वर्षातलं सगळ्यात स्लो. बॉल घरंगळताना मागे पाण्याची रेघ सोडतो. दव झटकलेल्या पट्ट्यावर तीच मोजणी लगेच वाढली.

थंडीत दोन गोष्टी एकदम होतात. हवा दाट होते आणि गाभ्याचं रबर उसळी गमावतं. फटका हाताला कडक लागतो, अंतर कमी मिळतं. म्हणून लोक कमी कम्प्रेशनचा बॉल घेतात. हाताला बरं वाटतं हे खरं. पण कडक लागणं आणि कमी जाणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. कमी कम्प्रेशनचा बॉल पहिल्यावर औषध आहे, दुसऱ्यावर नाही. जोरात स्विंग करणाऱ्याला तर त्यातून वेग कमीच मिळतो. अंतर परत मिळवायचं तर लांब क्लब घ्यायचा, दुसरा रस्ता नाही.

अण्णा म्हणाले, “गरम पाण्याच्या पिशवीत बॉल ठेवून आणतो बघ.” बॉलचे गुण बदलण्यासाठी तो मुद्दाम तापवला असेल तर त्याने फटका मारणं नियम ४.२ए प्रमाणे चालत नाही, आणि शिक्षा थेट बाद होण्याची. अण्णांना नियम वाचून दाखवला. पिशवी त्यांनी हात शेकायला ठेवली.

बॉल रात्री घरात ठेवणं मात्र वेगळं. रबर उष्णता सावकाश घेतं आणि सावकाश सोडतं. गाडीच्या डिकीत रात्रभर गारठलेला बॉल खिशात थोडा वेळ ठेवून आतपर्यंत गरम होत नाही. घरातून आणलेला बॉल पहिले काही होल तरी बरा उसळतो.

२० डिसेंबर

पुढच्या वर्षासाठी ठरवलं ते असं.

नेहमीचा बॉल तिपदरी. ग्रीन फास्ट असो वा स्लो, पटिंगसाठी बॉल बदलायचा नाही. वारा असेल तरी तोच. सरीनंतरचं ऊन, ओला वेज आणि कडक ग्रीन असेल तर तोच, आणि टॉवेल दोन. वारा नसलेल्या कडक उन्हात, पडल्याची खूण ओरखड्यासारखी दिसत असेल तर चौपदरी. पण अशा फेरीआधी सरावाच्या ग्रीनवर त्याचे पट मारून आवाज कानात बसवायचा. दुपदरी उरला तो पाणी धरलेल्या ग्रीनसाठी आणि जिथे बॉल हरवायची भीती जास्त तिथे. अण्णांच्या बाबतीत मात्र मी गप्प बसणार आहे. ते वर्षभर एकाच बॉलने खेळायला लागले आहेत आणि कारण वेगळंच सांगतात.

राहिलेलं काम: गवताच्या कलाची मोजणी. बर्म्युडा गवताच्या ग्रीनवर पाती एका बाजूला झुकलेली असतात. चमकदार दिसणाऱ्या दिशेने बॉल पळतो, काळपट दिसणाऱ्या दिशेने अडतो. उतरणीने दोन्ही दिशा मोजल्या तरी उताराचा फरक आणि कलाचा फरक एकत्रच हाती येतो. ते वेगळे करायला ग्रीन आधी पाणसळीने सपाट आहे की नाही ते बघावं लागेल. ग्रीनकीपरनी जानेवारीत एक कोपरा द्यायचं कबूल केलं आहे, सकाळी रोलर फिरवून झाल्यावर.